वर्गणी तरुणांची, करार थोरांचा

भाईंदर पूर्वेच्या गोडदेव नाक्यावरून सकाळी स्थानकाकडे निघालेल्या गर्दीत शासकीय कचेरीतला लिपिक असतो, पालिका शाळेतली शिक्षिका असते, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून नुकताच बाहेर पडलेला फिटरही असतो. एके काळी शेती आणि मिठागरे यांवर जगणाऱ्या या परिसराला १९८५ साली नगरपरिषद आणि २००२ साली महापालिका मिळाली. मधल्या काळात मुंबईतील चाळी सोडून आलेल्या नोकरदार कुटुंबांनी येथल्या इमारती भरून गेल्या. साहजिकच गोडदेवच्या घराघरांत नोकरीच्या गोष्टी निघतात, आणि त्या निघाल्या की संघटनेच्याही निघतात. 'आजची पोरे सभेला येत नाहीत' हे वाक्य या गोष्टींत ठरलेले असते. ते उच्चारणारा गृहस्थ बहुधा निवृत्त झालेला असतो आणि त्याचा खेद खोटा नसतो. परंतु पोरे सभेला का येत नाहीत, या प्रश्नाकडे जितक्या गांभीर्याने पाहावयास हवे तितके कामगार आणि कर्मचारी संघटनांनी पाहिलेले नाही.

अशा एखाद्या घराचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. वडील १९७६ साली शासकीय सेवेत लागले, पुढच्याच वर्षी संपात उतरले, आणि आज त्यांना अखेरच्या वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन महागाईभत्त्यासह मिळते. थोरला मुलगा २००८ साली जिल्हा परिषदेच्या शाळेत लागला. त्याच्या वेतनातून दरमहा दहा टक्के कापले जातात आणि म्हातारपणी हाती काय पडेल ते बाजाराच्या चढउतारावर अवलंबून राहते. धाकटी सून शिक्षण सेवक आहे. तीन वर्षे ती ठोक मानधनावर तेवढेच वर्ग घेणार आहे, जेवढे शेजारच्या वर्गातली कायम शिक्षिका घेते. शिकावयास आलेला पुतण्या एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार आहे आणि कायद्याच्या दृष्टीने तो कामगारच नव्हे. एका छपराखाली, एकाच ताटातले जेवणारी ही चार माणसे. त्यांच्या हक्कांत जो फरक पडला तो त्यांच्या कष्टांमुळे वा पात्रतेमुळे पडलेला नाही. तो केवळ रुजू होण्याच्या तारखेमुळे पडला. आणि या तारखा ठरल्या तेव्हा ज्यांच्यावर त्या पडणार होत्या त्यांच्यापैकी एकजणही संघटनेच्या पटावर नव्हता.

तरुण सभासदांच्या प्रश्नाचे मूळ येथे आहे. संघटना ही ज्यांची वर्गणी जमा झाली त्यांची असते. वाटाघाटीच्या टेबलावर शासनाला वा मालकाला खर्च कमी करावयाचा असतो आणि संघटनेला सभासदांचे हित राखावयाचे असते. दोघांनाही सोयीचा असा एक तिसरा माणूस सापडतो, जो त्या खोलीत नाही आणि अद्याप नोकरीतही नाही. विद्यमान सभासदांचे काहीही कमी न करता पुढच्या भरतीचे वेतन, निवृत्तिवेतन वा कायमपण कमी केले, तर त्या दिवशी कोणी ओरडत नाही. ओरडणारा पाच वर्षांनी येतो. त्याच्या हाती वर्गणीची पावती ठेवली जाते आणि करार मात्र आधीच झालेला असतो.

डिसेंबर १९७७ पासून फेब्रुवारी १९७८ पर्यंत महाराष्ट्रातील शासकीय कर्मचाऱ्यांनी र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली ५४ दिवसांचा संप केला. केंद्राच्या दराने महागाईभत्ता मिळावा ही त्यातील प्रमुख मागणी. पगाराविना दोन महिने काढणे म्हणजे काय, हे ज्यांनी ते काढले त्यांच्या घरच्यांना आजही आठवते. त्या लढ्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण तो लढा लढणाऱ्यांत नुकतेच सेवेत आलेले लिपिकही होते आणि शिक्षकही होते, आणि मागणी सर्वांसाठी एकच होती, ही गोष्ट आज विसरली जाते. तीस वर्षे सेवा झालेला अव्वल कारकून आणि सहा महिन्यांपूर्वी लागलेला कनिष्ठ लिपिक यांना एकाच महागाईची झळ लागत होती आणि दोघेही एकाच भत्त्यासाठी घरी बसले होते. त्या काळी तरुणांना सभेला बोलावण्यासाठी वेगळी युवा आघाडी काढावी लागली नाही, याचे कारण तेव्हाचे तरुण अधिक निष्ठावान होते असे मानण्यापेक्षा हितसंबंध एक होते असे मानणे अधिक सयुक्तिक ठरेल.

ही एकी फुटली ती कोणाच्या भाषणाने फुटली नाही. शासन निर्णयातील एका तारखेने फुटली. केंद्र सरकारने १ जानेवारी २००४ पासून नव्या भरतीसाठी जुने निवृत्तिवेतन बंद केले. महाराष्ट्र शासनाने तोच कित्ता गिरवून १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर सेवेत येणाऱ्यांना परिभाषित अंशदान योजना लागू केली आणि पुढे ती राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत विलीन झाली. या निर्णयाविरुद्ध संघटनांनी आवाज उठविला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु २००५ साली ५४ दिवसांचा संप झाला नाही, हेही तितकेच खरे. तो व्हावा तरी कसा? ज्यांचे निवृत्तिवेतन गेले ते अजून परीक्षांचे अर्ज भरीत होते. ज्यांच्या हाती संपाचे शस्त्र होते त्यांच्या निवृत्तिवेतनाला धक्का लागलेला नव्हता.

त्यानंतरची अठरा वर्षे या प्रश्नाचा खरा इतिहास सांगतात. निवृत्तीचा दिवस तरुणाला दूर वाटतो. मृत्यूचा दिवस मात्र तारीख पाहून येत नाही. २००५ नंतर लागलेला एखादा ग्रामसेवक वा शिक्षक सेवेत असताना अपघाताने वा आजाराने गेला की त्याच्या पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळत नसे. त्याच शाळेत, त्याच पदावर, दोन वर्षे आधी लागलेल्याच्या पत्नीला ते मिळे. २०१८ साली शासनाने दहा लाख रुपयांचे सानुग्रह अनुदान देऊ केले, तेही दहा वर्षांची सेवा पूर्ण होण्यापूर्वी मृत्यू आला तर. राष्ट्रीय योजनेतील कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांना कुटुंब निवृत्तिवेतन आणि मृत्यू उपदान देण्याचा शासन निर्णय निघण्यास मार्च २०२३ उजाडावा लागला. सहकाऱ्यांनी वर्गणी काढून मृताच्या घरी मदत पोचविण्याचे प्रसंग या मधल्या काळात कित्येक कचेऱ्यांनी पाहिले. थोरल्या सभासदांनीही त्या वर्गणीत सढळ हाताने भर घातली असेल. पण वर्गणी आणि हक्क यांतील अंतर त्या विधवेला जितके कळले तितके कोणत्याही अधिवेशनातील ठरावाला कळले नाही.

तरुणांनी अखेरीस काय केले, तर जुन्या निवृत्तिवेतनाच्या एका मागणीसाठी स्वतःची वेगळी संघटना उभी केली. प्रस्थापित संघटनांच्या शाखा तालुक्यातालुक्यांत असताना, त्यांचे कार्यालय आणि त्यांची पुण्याई तयार असताना, २००५ नंतरच्यांना नवा फलक लावावा लागला, ही त्या संघटनांच्या दृष्टीने शरमेची गोष्ट होती. त्यांच्यापैकी काहींनी तिला फूट म्हटले, काहींनी बालिशपणा म्हटले. पुढे हीच मागणी इतकी वाढली की १४ मार्च २०२३ रोजी राज्यभरातील शासकीय, निमशासकीय कर्मचारी आणि शिक्षक बेमुदत संपावर गेले, आणि त्या संपाच्या समन्वय समितीत जुन्या संघटनांनीच पुढाकार घेतला. सात दिवसांनी, २० मार्चला, अभ्यास समितीच्या आश्वासनावर संप मागे घेण्यात आला. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने केंद्राची एकीकृत निवृत्तिवेतन योजना स्वीकारण्याचा निर्णय केला. ती योजना जुन्या योजनेची बरोबरी करते की नाही, यावर कर्मचाऱ्यांत मतभेद आहेत आणि ते येथे मिटवण्याचे कारण नाही. लक्षात घ्यावयाची गोष्ट एवढीच की जे २००५ मध्ये एका ठाम नकाराने अडविणे कदाचित शक्य होते, ते परत मिळविण्यासाठी पुढच्या पिढीचे अर्धे सेवाआयुष्य खर्ची पडले.

शिक्षकांच्या बाबतीत तारखेऐवजी पदाचे नाव बदलले. २००० साली आलेल्या शिक्षण सेवक योजनेने पहिली तीन वर्षे ठोक मानधनाची ठरविली. दशकभर हे मानधन प्राथमिकसाठी सहा हजार, माध्यमिकसाठी आठ हजार आणि कनिष्ठ महाविद्यालयासाठी नऊ हजार रुपये एवढेच राहिले. २०२३ च्या प्रारंभापासून ते अनुक्रमे १६, १८ आणि २० हजार झाले. या दशकात कायम शिक्षकांना सातवा वेतन आयोग मिळाला. सहा हजारांवर भाईंदरसारख्या ठिकाणी एका खोलीचे भाडेही निघत नाही, हे शिक्षक संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? पण शिक्षण सेवक हा तीन वर्षांचा पाहुणा. तो कायम झाला की त्याची तक्रार संपते आणि त्याच्या जागी नवा येतो. तक्रार कायम राहते, तक्रारदार बदलत राहतो. अशा तक्रारीला संघटनेत वाली मिळणे कठीण.

गिरणगावाला ही गोष्ट नवी नव्हती. गिरणीच्या दारात पाळीच्या वेळी ताटकळणारा बदली कामगार हा कापडधंद्यातला असाच अर्धा माणूस होता. कोणी गैरहजर राहिला तर त्याला काम, नाहीतर परत घरी. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले तेव्हा बदली कामगारांना कायम करण्याची मागणीही त्यांच्या मागण्यांत होती. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने प्रतिनिधित्वाचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघाच्या हाती दिला होता आणि तो संघ कामगारांच्या मनातून केव्हाच उतरला होता. त्या संपाचा शेवट सर्वांना माहीत आहे. गिरण्या गेल्या आणि गिरणगावातील अनेक कुटुंबे पश्चिम आणि मध्य रेल्वेच्या दूरच्या उपनगरांत पांगली. कायद्याने दिलेली मान्यता आणि सभासदांचा विश्वास या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि पहिली हाती असताना दुसरी निसटू शकते, हे तेथे जेवढ्या भयानक रीतीने दिसले तेवढे अन्यत्र क्वचितच दिसले असेल.

दूरच्या अमेरिकेतही नेमके हेच घडले, हे वाचून आश्चर्य वाटेल. तेथील मोटार कामगारांच्या बलाढ्य संघटनेने, युनायटेड ऑटो वर्कर्सने, २००७ साली अडचणीत आलेल्या कंपन्यांशी करार करताना नव्या कामगारांसाठी जुन्यांच्या जवळजवळ निम्म्या वेतनाची दुसरी श्रेणी मान्य केली. एकाच साखळीवर शेजारी उभे राहून तेच चाक बसविणाऱ्या दोघांना दोन वेतने मिळू लागली. परिणामी संघटनेबद्दलचा कडवटपणा सोळा वर्षे साचत गेला. २०२३ साली सभासदांच्या थेट मतदानाने प्रथमच निवडून आलेल्या नेतृत्वाने तिन्ही मोठ्या कंपन्यांविरुद्ध एकदम संप पुकारला; त्यातून या श्रेण्या बऱ्याच अंशी मोडीत निघाल्या आणि सर्वोच्च वेतनापर्यंत पोचण्याचा काळ आठ वर्षांवरून तीन वर्षांवर आला. पूर्वी प्रतिनिधींच्या अधिवेशनात ठरणारे अध्यक्षपद प्रत्येक सभासदाच्या मतावर आले आणि वर्ष संपण्यापूर्वीच हा बदल झाला, हा केवळ योगायोग मानणे कठीण आहे.

आपल्याकडे तरुणांना सामावून घेण्याचा प्रश्न निघाला की युवा आघाडी स्थापन होते. तिच्याकडे वर्धापनदिनाचा मंडप, रक्तदान शिबिर, क्रिकेटचे सामने आणि अलीकडे भ्रमणध्वनीवरील गटाचे संचालन सोपविले जाते. ही कामे वाईट आहेत असे नाही. पण मागणीपत्राचा मसुदा जेथे लिहिला जातो त्या खोलीत या आघाडीचा एकही माणूस नसतो. घोषणा द्यावयास तरुण कंठ आणि सही करावयास पिकलेले केस, अशी ही वाटणी आहे. त्यात आणखी एक गंमत कायद्याने करून ठेवली. १९२६ च्या कामगार संघटना कायद्याने पंधरा वर्षांवरील मुलाला सभासदत्व आणि अठरा वर्षांवरील तरुणाला पदाधिकारी होण्याची मुभा दिली होती. म्हणजे वयाची आडकाठी कायद्यात नव्हती. त्याच कायद्याच्या २००१ सालच्या दुरुस्तीने बाहेरच्या पदाधिकाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली, परंतु निवृत्त कर्मचाऱ्याला बाहेरचा मानू नये असे स्पष्ट केले. दुसरीकडे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगाराच्या व्याख्येत शिकाऊ उमेदवार येत असे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने त्याला प्रशिक्षणार्थी ठरविले, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने त्या कायद्याखालील उमेदवाराला कामगाराच्या व्याख्येतूनच वगळले. निवृत्त झालेला बाहेरचा नाही आणि यंत्रावर उभा असलेला आतला नाही, अशी ही स्थिती आहे.

गोडदेवच्या आसपास औद्योगिक वसाहतींतील गाळ्यांत स्टेनलेस स्टीलची भांडी तयार होतात. भाईंदर पूर्वेचा हा जुना व्यवसाय. घासाई-चकाकीच्या यंत्रावर नाकातोंडात धूळ घेत उभी असणारी मुले विशी-बाविशीची असतात आणि त्यांतील पुष्कळ परप्रांतांतून आलेली. दहा-पंधरा माणसांच्या गाळ्यात संघटना रुजणे अवघड. तरीही एकाच वसाहतीतील अनेक गाळ्यांची मिळून एक संघटना होऊ शकते. तिला लागतो तो कचेरी चालविणारा, अर्ज लिहिणारा, सुनावणीला हजर राहणारा अनुभवी माणूस. असा अनुभव असलेले निवृत्त कार्यकर्ते गोडदेवच्याच इमारतींत सकाळी वर्तमानपत्र वाचीत बसलेले असतात. स्वतःच्या जुन्या संघटनेतील खुर्ची मोकळी करून त्यांनी या गाळ्यांकडे पावले वळविली तर दोन्हीकडचे काम होईल.

मग करावे काय? जर्मनीत १९७२ च्या आस्थापना कायद्याने एक व्यवस्था घालून दिली आहे, ती विचार करण्यासारखी आहे. ज्या आस्थापनेत किमान पाच अल्पवयीन कामगार वा शिकाऊ उमेदवार असतील आणि कामगार मंडळ असेल तेथे ते स्वतःचे प्रतिनिधी निवडतात. हे प्रतिनिधी कामगार मंडळाच्या बैठकीत बसू शकतात. प्रश्न मुख्यतः तरुणांचा असेल तर मत देऊ शकतात. आणि मंडळाचा एखादा निर्णय आपल्या हिताला गंभीर बाधा आणतो असे त्यांच्या बहुमताला वाटले तर तो आठवडाभर थांबवू शकतात. एक आठवडा म्हणजे फार नव्हे. पण घाईत आणि बंद खोलीत होणाऱ्या सहीला आठवडाभर उजेडात ठेवणे, एवढ्यानेही पुष्कळ काही बदलते.

आपल्या संघटनांना यासाठी कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. स्वतःच्या घटनेत एक कलम घालणे पुरेसे आहे. नव्या भरतीच्या सेवाशर्ती बदलणारा कोणताही करार वा आश्वासन सर्वसाधारण सभेपुढे ठेवल्याशिवाय मान्य करू नये आणि त्यावर सेवेची दहा वर्षे न झालेल्या सभासदांचे मत स्वतंत्रपणे मोजावे. शिक्षण सेवक, कंत्राटी आणि मानधनावरील कर्मचारी यांना नाममात्र वर्गणीत पूर्ण मताधिकार द्यावा. कार्यकारिणीतील ठराविक जागा त्यांच्यासाठी राखाव्यात, आणि त्या जागांवरील माणसे अध्यक्षांनी न नेमता त्याच सभासदांनी निवडावीत. सभा कामाच्या दिवशी संध्याकाळी सात वाजता दादरला ठेवून भाईंदर-विरारच्या सभासदाला दोष देणेही थांबवावे. पाळण्यातले मूल घरी ठेवून येणाऱ्या तरुण शिक्षिकेला त्या सभेहून परतावयास रात्रीचे दहा वाजतात.

याने संघटनेत वयानुसार तट पडतील, असा आक्षेप घेतला जाईल. तट आधीच पडलेले आहेत. ते तारखांनी पाडले. तरुण अधीर असतात, वर्गणी वेळेवर देत नाहीत, भ्रमणध्वनीवर क्रांती करून मोर्चाला गैरहजर राहतात, हे आक्षेप मात्र निराधार नाहीत. जुन्या निवृत्तिवेतनासाठी नवी संघटना काढणाऱ्यांतही पुढे मतभेद आणि श्रेयाचे वाद झाल्याचे दिसले. शिक्षकांच्या संघटनांची संख्या पाहिली तर फुटीचे श्रेय केवळ तरुणांना देता येणार नाही, एवढेच. शिवाय तरुण निष्क्रिय असतात हे विधान २०२३ नेच खोडून काढले आहे. त्या वर्षी शासनाने नऊ खाजगी संस्थांमार्फत बाह्यस्रोतातून पदे भरण्याचे ठरविले तेव्हा सर्वांत मोठा ओरडा स्पर्धापरीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांनी केला. ते कोणत्याही कर्मचारी संघटनेचे सभासद नव्हते, होण्यास पात्रही नव्हते. ऑक्टोबरमध्ये तो निर्णय रद्द झाला. पंधरा वर्षांनंतर ज्या कचेरीत जागा मिळणार त्या कचेरीचे हित त्या कचेरीत बसलेल्यांपेक्षा बाहेर अभ्यासिकेत बसलेल्यांनी अधिक तत्परतेने राखले. त्यांच्यासाठी संघटनांनी विद्यार्थी-सभासदत्वाचे दार उघडण्यास काय हरकत आहे?

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने न्या. रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आठव्या वेतन आयोगाची रचना केली असून त्याला अहवालासाठी अठरा महिने देण्यात आले आहेत. नेहमीच्या रिवाजाप्रमाणे राज्यातही त्यामागून समिती येईल, संघटनांकडून मागणीपत्रे मागविली जातील, आणि ती लिहिण्यासाठी मसुदा समित्या नेमल्या जातील. मानधनावरील तीन वर्षांचे काय, कंत्राटी पदांचे काय, यापुढे भरती होणाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचे काय, हे प्रश्न त्या मागणीपत्राच्या पहिल्या पानावर येतात की 'इतर मागण्या' या मथळ्याखाली अखेरच्या पानावर जातात, हे त्या समितीत कोण बसले आहे यावर ठरेल. नावांची यादी जाहीर झाली की गोडदेवच्या त्या घरातील शिक्षण सेवक सुनेने ती सासऱ्यांपुढे ठेवावी आणि त्यांत तीन वर्षांच्या आतल्या सेवेचे किती जण आहेत ते मोजावयास सांगावे.